परवाचे व्याख्यान

अकोल्यातल्या निम्म्या घरांतलं एक तरी मूल आता पुण्यात नोकरीला आहे. अकोलेकरांना पुण्याचं वर्णन सांगणं म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखंच. पण मी ज्या कामासाठी गेले होते, त्या कामासाठी आमच्या गावातून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. आणि परत आल्यापासून वीसेक जणांनी तरी विचारलं की काय झालं. प्रत्येकाला वेगळं सांगून दमले, म्हणून एकदाच लिहिते.

मी इथल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. नोकरी, घर आणि उत्तरपत्रिका यांतून उरलेल्या वेळात बारा वर्षं पीएच.डी. करत होते. माझे मार्गदर्शक पेंडसे सर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत असतात. ते या महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते आणि दोनदा वाढवून घेतलेली माझी नोंदणीही त्याच सुमारास संपणार होती. प्रबंध देण्याआधी समितीपुढे एक व्याख्यान द्यावं लागतं, ते गुरुवारी होतं. समितीने मान डोलावली की सरांची सही, सही झाली की प्रबंध विद्यापीठात. नाही डोलावली तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, पुन्हा श्रीगणेशा. सत्तेचाळिसाव्या वर्षी.

सोमवार : संस्था

पुण्यात मी चार वर्षांनी येत होते. रिक्षावाल्याने वाटेत तीन ठिकाणी रस्ता खोदलेला दाखवला आणि तिन्ही वेळा "इथं पूल होणार" एवढंच म्हणाला. जिथे मागच्या वेळी पेरूची बाग होती तिथे आता काचेची इमारत होती आणि तिच्यासमोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं उभ्या उभ्या वडापाव खात होती. आमच्याकडे ओळखपत्र खिशात असतं, कारण गेटवरचा माणूस आपल्या वडिलांनाही ओळखत असतो.

संस्थेच्या अतिथिगृहात जेवायला बसले. आमटी गोड होती. वाढणाऱ्याला विचारलं, "ठेचा वगैरे काही आहे का हो?"

"तिखट ना? आमटीत आहे," तो म्हणाला.

मी पुन्हा चव घेऊन पाहिली. असेलही. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की यजमानाला समाधान वाटतं. इथे ती जबाबदारी कोणी घेत नाही.

जेवण झाल्यावर सरांना भेटले. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधून ठेवलेले होते, निवृत्तीची तयारी. सर खुर्चीतून न उठता म्हणाले, "आलात? छान. मी उद्या आणि परवा लोणी काळभोरला परीक्षक म्हणून जातोय. गुरुवारी भेटूच."

"सर, प्रबंधाबद्दल काही शंका?"

"मला नाहीत. तुम्हाला असाव्यात. प्रबंध तुमचा आहे."

सर मोबाइल वापरत नाहीत. मोबाइल घेतला की माणूस सापडायला लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

मंगळवार : सूचनाफलक

सकाळी ग्रंथालयाकडे जाताना सूचनाफलकावर एक चिठ्ठी दिसली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : "परवाचे व्याख्यान रद्द झाले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली तारीख नाही, सही नाही.

वार मंगळवार. म्हणजे परवा गुरुवार.

कार्यालयात जोगळेकर म्हणून एक कारकून होते. आठवडाभराची रजा संपवून त्याच दिवशी कामावर आले होते आणि टेबल पुसत होते.

"अहो, ते फलकावरचं व्याख्यान कोणतं?" मी विचारलं.

"लिहिलंय की. परवाचं."

"पण परवा म्हणजे झालेला की येणारा?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "मॅडम, झालेलं व्याख्यान रद्द कसं करणार?"

उत्तर बिनतोड होतं. पण बाहेर बाकावर बसून त्या शब्दाचा विचार मात्र करत राहिले. आपला 'परवा' हा विचित्र शब्द आहे. तो आजपासून दोन दिवसांचं अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. परवा गेले, परवा जाईन : दिशा क्रियापदाने दाखवायची. चिठ्ठीत क्रियापद होतं, पण ते व्याख्यानाचं नव्हतं, रद्द होण्याचं होतं. आपण रोज हा शब्द वापरतो आणि एकमेकांना बरोबर भेटतो, हेच आश्चर्य.

सर लोणी काळभोरला, त्यांना विचारायची सोय नाही. राग आला आणि रडूही आलं. मग मनात विचार आला की रद्द झालं तर झालं, नवा दिवस सरच देतील, निवृत्तीला अजून दोन आठवडे आहेत. मी संघमित्राला फोन केला आणि तिच्या घरचा नंबर जोगळेकरांकडे लिहून ठेवला.

संघमित्रा आणि मी अमरावतीच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. एम.एस्सी. झाल्यावर मी गावी परतले. ती संगणकाचा अभ्यासक्रम करून पुण्यात आली आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागली. चुका शोधायची नोकरी असते, यावर आमच्या वसतिगृहाच्या बाई शेवटपर्यंत विश्वास ठेवायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी ती स्कूटरवर मला न्यायला आली. पुण्यात बायका तोंडाला ओढणी गुंडाळून आणि कोपरापर्यंत मोजे घालून गाडी चालवतात, त्यामुळे मैत्रीण आवाजावरून ओळखावी लागते. दोन जणींनी आवाज न दिल्यामुळे मी त्यांच्याकडे बघून उगाच हसले. तिसरी संघमित्रा होती.

बुधवार : वारजे

वारज्याला ती नवव्या मजल्यावर राहते. गच्चीतून एका बाजूला सिंहगडाची रांग आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारतींची रांग दिसते. दुसरी रांग दर वर्षी वाढते, असं तिच्या सासऱ्यांनी सांगितलं. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. सकाळी बुद्धवंदना झाली की पेपर, आणि पेपर झाला की घरात जो सापडेल त्याची चौकशी. मी सापडले.

"तुमचा विषय काय म्हणालात?"

मी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला असं सगळे म्हणतात. पण दुसरी एक कल्पना अशी आहे की त्याच्याही आधी विश्व होतं आणि ते आक्रसत होतं. आक्रसत आक्रसत ते एका लहानात लहान आकाराला पोचलं आणि तिथून पुन्हा पसरायला लागलं. चेंडू जमिनीपर्यंत येतो, टप्पा पडतो, वर जातो, तसं.

"म्हणजे आधीपण होतं, नंतरपण आहे," ते म्हणाले. "मग हे कुणी निर्माण केलं, हा प्रश्नच बाद. बरं झालं." आणि पेपर घडी करून ते फिरायला गेले. मला बारा वर्षांत इतका समाधानी श्रोता मिळाला नव्हता.

न्याहारीला संघमित्राने भरीत आणि भाकरी केली होती. आपल्याकडची हिरवी वांगी पुण्यात सहज मिळत नाहीत, ती रविवारी मुद्दाम मार्केट यार्डात जाऊन शोधून आणते. तिची कामाची पाळी दुपारची, कंपनीची गाडी एक वाजता येणार होती. तोवर वेळ होता.

"तुझा प्रोग्रॅम दाखव," ती म्हणाली. "बारा वर्षं काय करतेस ते तरी बघू."

माझ्याजवळ सीडी होती. तिच्या संगणकावर ती घातली आणि चौथ्या प्रकरणाची आकृती उघडली. प्रबंधाचा जीव त्या आकृतीत होता. विश्व सगळीकडे अगदी सारखं नसतं. घनता कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी असते. या उंचसखलपणाला आम्ही विक्षोभ म्हणतो. त्यांच्यातूनच पुढे दीर्घिका तयार झाल्या. तेव्हा प्रश्न असा, की आधीच्या विश्वातले विक्षोभ टप्प्यातून या बाजूला कसे येतात? माझं उत्तर होतं, शांतपणे. आकृतीतली रेघ डावीकडून आली, टप्पा ओलांडला आणि उजवीकडे तशीच पुढे गेली. विक्षोभ लहान होते, लहानच राहिले. ते लहान आहेत असं धरूनच सगळी समीकरणं लिहिलेली असतात, त्यामुळे ते लहान राहणं म्हणजे माझं विश्व सुरक्षित असणं.

"छान आहे," संघमित्रा म्हणाली. "पण हे बरोबर आहे, हे तुला कसं कळलं?"

"पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं."

"पुस्तकात कुठलं दिलंय? टप्प्याच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं. प्रसरणाचं सगळ्याच पुस्तकांत असतं."

"आणि आधीचं?"

"ते तर माझं संशोधन आहे."

"म्हणजे टेस्ट केलेलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता, सवय होती. "हे बघ, टप्पा काळाच्या शून्यावर आहे ना? आणि विश्व दोन्हीकडे आरशासारखं सारखं आहे म्हणतेस. मग उणे दोन आणि अधिक दोन, दोन्हीकडचं सगळं प्रिंट कर. फायनल उत्तर नको, आतलं सगळं पाहिजे. एकेक व्हॅल्यू."

कागद आला. दोन रकाने. ती पेन्सिल घेऊन एकेका ओळीवर टिचकी मारत खाली आली.

"आकार सारखा. ठीक, आरसा आहे. घनता सारखी. ठीक. हे काय आहे?"

"प्रसरणाचा दर."

"तोही सारखा आहे."

"हो."

"इकडे टप्प्याच्या आधी प्रसरण आहे?"

"नाही गं, इकडे आकुंचन."

"मग दर सारखा कसा? घाट उतरताना आणि चढताना काटा चाळीसवर असेल, मान्य. पण एकदा खाली जातोय, एकदा वर. तुझ्या प्रोग्रॅमला ते माहीत आहे का?"

मी ती ओळ उघडली. समीकरणातून त्या दराचा वर्ग मिळतो, मग वर्गमूळ काढायचं. वर्गमुळाची दोन उत्तरं असतात, एक धन आणि एक ऋण, हे मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिते आणि विसरणाऱ्याचा अर्धा गुण कापते. संगणक मात्र न विचारता धन उत्तर देतो. आकुंचनाच्या काळात तिथे ऋण चिन्ह हवं होतं. ते मी घातलंच नव्हतं.

"परवा," मी म्हणाले.

"काय परवा? परवा काय आहे?"

"दोन्हीकडे मी परवा लिहून ठेवलंय. अंतर आहे, दिशाच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला हसू आलं, आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने पाणी आणून दिलं.

चूक एका चिन्हाची, पण तिचा परिणाम सांगायला हवा. प्रसरणात हा दर विक्षोभांना ब्रेकसारखा लागतो, त्यांना वाढू देत नाही. आकुंचनात तोच दर ऋण होतो आणि ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर दाबला जातो. माझ्या प्रोग्रॅमने टप्प्याच्या आधीच्या साऱ्या काळात अॅक्सिलरेटरच्या जागी ब्रेक दाबून धरला होता. रेघ शांत दिसली, कारण मी तिला शांत बसवलं होतं.

मी ते चिन्ह घातलं. प्रोग्रॅम चालायला तासभर लागला. तोवर संघमित्राने तिचा डबा भरला, मी भांडी विसळली. बारा वाजता नवी आकृती आली. रेघ टप्प्याच्या कितीतरी आधी वर उठली आणि कागदाबाहेर निघून गेली. टप्प्यावर आधारलेली विश्वाची सगळीच प्रतिरूपं, म्हणजे गणिती मॉडेल्स, यामुळे बाद होतात असं नाही, पण माझं झालं. त्यात विक्षोभ लहान राहत नव्हते, आणि ते लहान राहिले नाहीत की पुढचं काहीच उभं राहत नव्हतं.

जाताना दारात चप्पल घालता घालता संघमित्रा म्हणाली, "माझं काम बग रिपोर्ट करायचं. फिक्स करायचं की तसंच रिलीज करायचं, ते डेव्हलपर ठरवतो. इथे डेव्हलपर तू आहेस."

ती गेली आणि तासाभराने फोन वाजला. पेंडसे सर होते. परीक्षा लवकर आटपून संस्थेत परतले होते आणि नंबर जोगळेकरांकडून घेतला होता.

"वानखडे मॅडम, उद्या साडेदहाला. समितीचे दोघेही येतायत."

"सर, पण ते रद्द झालंय ना? फलकावर..."

"रविवारचं रद्द झालं. लोकांसाठी एक व्याख्यान होतं. चिठ्ठी शुक्रवारी लावली."

"मग अजून तिथे कशी?"

"लावायला सांगितलं होतं. काढायला कोणी सांगितलं नाही."

शुक्रवारच्या लेखी परवा म्हणजे रविवार. मी मंगळवारी वाचली, तिथून रविवारही परवाच आणि गुरुवारही परवाच. चुकलेल्या चिन्हाबद्दल मात्र मी सरांना फोनवर काही सांगितलं नाही.

खरं सांगते, मोह झाला. चांगला उरलेला दिवसभर झाला. जुनी आकृती दोन परिसंवादांत दाखवून झाली होती, कोणाला काही खटकलं नव्हतं. उद्याही खटकणार नव्हतं. प्रबंध ग्रंथालयात जाऊन बसला असता, जिथे प्रबंध बसतात. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं असतं आणि अकोल्यात कोणाचंही काही बिघडलं नसतं. संध्याकाळी सासरे फिरून आले, चहा मागितला, मी केला. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय तुमचं आधीचं विश्व?" मी म्हटलं, "बरं नाही ते." यावर त्यांनी पुढे विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

गुरुवार : साडेदहा

सकाळी नऊला सरांना कॅन्टीनमध्ये गाठलं आणि दोन रकान्यांचा कागद पुढे ठेवला. त्या ओळीखाली संघमित्राची पेन्सिलची रेघ होती. सरांनी कागद वाचला. चहा थंड झाला तरी कपाला हात लावला नाही.

"हा प्रोग्रॅम मी किती वेळा तपासला?"

"तीनदा, सर."

"चारदा," ते म्हणाले. "पाचव्यांदा कोणी पाहिला?"

"माझी मैत्रीण. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे."

"तिला विश्वरचनेतलं काही कळतं?"

"नाही."

"म्हणून सापडलं." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "जुनी स्लाइड दाखवलीत तर समितीला कळणार नाही. मला कळलंय, त्याला आता इलाज नाही. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा."

मला वाटलं होतं की ते तरी काहीतरी ठरवतील. चिडले असते तरी चाललं असतं. ते चहा गरम करून मागायला उठले.

व्याख्यानाला नऊ जण होते. समितीचे दोन प्राध्यापक पुढे, सर भिंतीशी, बाकी विद्यार्थी. पहिली तीन प्रकरणं सरळ गेली. चौथ्याची जुनी आकृती पडद्यावर आली. मी म्हटलं, "ही आकृती चुकीची आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये आकुंचनाच्या बाजूला प्रसरणाचा दर धन घेतला गेला. तो ऋण हवा." मग रात्री पारदर्शक कागदावर हाताने उतरवलेली नवी आकृती ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

समितीतले एक जण पुढे झुकले. "म्हणजे तुमचं प्रतिरूप टिकत नाही?"

"नाही टिकत."

"कशामुळे टिकत नाही, याची तुम्हाला खात्री आहे?"

"कालपासून आहे."

"मग प्रबंधाचं काय?"

"प्रबंध अजून झालेला नाही," मी म्हणाले.

त्यांनी आपसांत दोन मिनिटं चर्चा केली. अहवालावर लिहिलं : चौथे प्रकरण नव्याने लिहावे, व्याख्यान पुन्हा व्हावे. महिनाअखेरपर्यंत हे होणं शक्य नव्हतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मार्गदर्शकाच्या रकान्यात सरांनी सही केली, तीही 'मान्य नाही' याच्या शेजारी. त्यांचं अक्षर नेहमीसारखं सुरेख होतं. मला त्या सुरेख अक्षराचा फार राग आला.

शुक्रवार : गेट

सामान घ्यायला अतिथिगृहावर गेले. संघमित्रा कामावर जाता जाता कंपनीच्या गाडीतून उतरली, हातात डबा कोंबला, "भाकरी आहे, ठेचा वेगळा बांधलाय" म्हणाली आणि गाडीत बसून गेली. आमच्याकडे पाहुण्याला स्टेशनवर पोचवतात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी बोलत उभे राहतात. पुण्यात निरोप बसल्या जागेवरून देतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. त्यामुळे सर माझ्यासोबत गेटपर्यंत चालत आले, तेव्हा जोगळेकर खिडकीतून डोकावून बघायला लागले.

गेटपाशी रिक्षा थांबली. सर म्हणाले, "बारा वर्षांत काल पहिल्यांदा तुम्ही मला माहीत नसलेलं काहीतरी सांगितलंत."

आणि वळून आत गेले.

गाडीत बसल्यापासून मी त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते. बारा वर्षांचा हिशेब एका टोमण्यात. एकाहून एक तिखट उत्तरं सुचत होती, सगळी उशिरा. दौंडला आपल्याकडे येणाऱ्या गाडीचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडतात आणि गाडी उलट तोंडाने निघते. तेवढा वेळ फलाटावर शांत होतं. गाडी हलली तेव्हा मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, या वेळी त्यांनी म्हटलं होतं तसं, दाद म्हणून. मग मी डबा उघडला आणि पोटभर जेवले.